पिस्ता की पोपटी?

कर्जतच्या भिसेगावात साखरपुडा ठरला की पूर्वी पहिला प्रश्न यायचा, माणसं किती. आता पहिला प्रश्न येतो, रंग कोणता. मुलीकडचे 'पिस्ता' कळवतात. मुलाकडून निरोप येतो की पिस्ता नव्हे, 'सेज ग्रीन'. दोन्हीकडच्या थोरल्या मंडळींना दोन्ही रंग पोपटीच दिसतात. तसं बोलून दाखवणाऱ्या मामांना चहा सांगायला बाहेर पाठवलं जातं. मग व्हॉट्सॲपवर ग्रुप निघतो, त्यात रंगाची चौकट पडते आणि खाली सूचना येते, 'सर्वांनी याच शेडमध्ये यावे ही विनंती.' हॉलच्या खर्चाची वाटणी अर्ध्या तासात मिटलेली असते. शेडची बोलणी महिनाभर चालतात.

हे फिके रंग इकडचे नव्हेत. कर्जत-खालापूरच्या जुन्या बस्त्यात लाल, हिरवा, जांभळा, मोरपंखी, आमसुली असे रंग असायचे. लांबून ओळखू येणारे आणि वरणाचा डाग पोटात घेणारे. मग ११ डिसेंबर २०१७ रोजी इटलीत टस्कनीमध्ये विराट कोहली आणि अनुष्का शर्मा यांचं लग्न झालं. अनुष्काच्या अंगावर सब्यसाचीचा फिकट गुलाबी लेहंगा होता. नवरी म्हणजे लाल, ही समजूत त्या फोटोंनी चांगलीच हलवली. पुढे १३ मे २०२३ रोजी दिल्लीच्या कपूरथळा हाउसमध्ये परिणीती चोप्रा आणि राघव चढ्ढा यांचा साखरपुडा झाला, तेव्हा तर दोघंही पांढऱ्याच्या जवळपास. तिचा पोशाख मनीष मल्होत्राचा, त्याची अचकन पवन सचदेवाची. त्याआधी भिसेगावातल्या एखाद्या मुलीने पांढरा ड्रेस घालून निश्चयाला बसते म्हटलं असतं, तर आजीने अंथरूण धरलं असतं. तोच रंग 'आयव्हरी' होऊन आला आणि आजीच फोटो बोटांनी मोठा करून जरीकाम बघू लागली.

रंग ठरला की खरेदी. इथे मध्य रेल्वे कामाला येते. बदलापूर जवळचं, पण तिथे घेतलं असं सांगायला बरं वाटत नाही. उल्हासनगर मात्र सगळ्यांना मान्य. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उभ्या राहिलेल्या आणि १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळालेल्या या गावाची बाजारपेठ इतकी चपळ आहे, की सिनेतारकेचा मूळ लेहंगा ड्रायक्लीनला जाऊन परत येईपर्यंत त्याची नक्कल तिथे चार आकारांत टांगलेली असते. त्यातूनही समाधान झालं नाही, तर पुढे दादर आणि हिंदमाता. स्टेशनागणिक भाव चढतो आणि एकमत उतरतं. कर्जतहून पाच जणी एका मताने निघालेल्या असतात. दादरला पोचेपर्यंत मतं सहा होतात, कारण वाटेत कल्याणला आत्या चढते.

परतीचा प्रवास हा वेगळा अध्याय. कॅनकॅनवाला लेहंगा घडी होत नाही. त्याचा खोका संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसतो, आणि ठाण्याला चढलेली बाई त्या खोक्याकडे पाहून जे बोलते ते कुठल्याच मंगलकार्यात चालण्यासारखं नसतं.

दुकानातला संवादही ठरलेला. गादीवरचा माणूस लेहंगा हवेत उडवतो आणि म्हणतो, "ताई, हाच पीस काल सिरियलवाल्या मॅडमनी नेला." कोणती मॅडम, कोणती सिरियल, हे कधीच कळत नाही. "हा वेगळ्याच शेडचा आहे हो," अशी मामीची तक्रार आली की तो शांतपणे सांगतो, "ट्यूबलाइटमुळे तसा दिसतोय, उन्हात न्या." उन्हात नेला की तिसराच रंग निघतो. तोवर बिल झालेलं असतं. बिलात सरकारही आपलं मत नोंदवतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांवरच्या तयार कपड्याला १८ टक्के जीएसटी लागतो, तर साडी कितीही महाग असली तरी कापड म्हणून ५ टक्क्यांतच सुटते. साडीच नेस, हा जो आग्रह आजीला वीस वर्षांत पटवता आला नाही, तो जीएसटी कौन्सिलने एका बैठकीत मांडून टाकला. तरी खोका लेहंग्याचाच निघतो.

साडीच्या बाजूचे लोकही काही साळसूद नाहीत. साडी म्हटलं की पैठणी, हे २००४ पासून 'होम मिनिस्टर'ने घरोघरी संध्याकाळी बिंबवलं. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. येवल्यात हातमागावर खरी पैठणी विणताना पदरावरचे मोर आणि मुनिया वेगवेगळ्या रंगांच्या छोट्या कांड्या फिरवून, एकेक धागा गुंतवत काढले जातात. म्हणूनच पदर उलटा केला तरी नक्षी जवळपास तशीच स्वच्छ दिसते. एका साडीला काही आठवडे लागतात; पदर भरगच्च असला की काही महिने. किंमतही त्या महिन्यांची असते. हे परवडत नाही म्हणून यंत्रमागावरची 'सेमी पैठणी' आली. सराफाने काचेत 'सेमी सोनं' मांडलं तर दुपारपर्यंत पोलीस येतील. साडीच्या दुकानात मात्र 'सेमी' हा शब्द आदराने उच्चारला जातो. साखरपुड्यात कोणाची पैठणी खरी आणि कोणाची सेमी, याचा तपास जेवणाच्या रांगेत लागतो. मागची बाई कौतुकाच्या मिषाने पुढचीचा पदर हातात घेते, सहज उलटा करते, सुटे धागे पाहते आणि "छान आहे हो" असं म्हणून निकाल पुढच्या पंगतीला कळवते.

यात नवीन काय, असं कोणी विचारेल. साखरपुड्यात कपडे बदलणं हा तर मूळ विधीचाच भाग. मुलगी आधी माहेरची साडी नेसून पाटावर बसते. मुलाकडच्या सवाष्णी तिला कुंकू लावतात, ओटी भरतात, साडी देतात. ती आत जाऊन ती साडी नेसून येते आणि मग साखरेचा पुडा, अंगठी, पेढे. दोन साड्या, एक फेरी, काम संपलं. फरक एवढाच की त्या दुसऱ्या साडीबद्दल मुलीला कोणी विचारत नसे. सासूने आणि थोरल्या जावेने दुकानात बसून ठरवायचं, मुलीने नेसून बाहेर यायचं आणि चांगली दिसत्ये असं लोकांनी म्हणायचं. कित्येक बायकांच्या कपाटात ती न आवडलेली साडी चाळीस वर्षं डांबरगोळ्यांसोबत नांदली. आज मुलगी स्वतः दुकानात बसते, स्वतः हो म्हणते, नाही म्हणते, अनेकदा स्वतःच्या पगारातून पैसे देते. हा मोठाच पालट आहे आणि त्याची थट्टा करण्यात अर्थ नाही. थट्टा पुढची आहे. सासूच्या हातून इतक्या कष्टाने सोडवून आणलेली ही निवड मुलगी दुसऱ्याच दिवशी फोटोग्राफरच्या हवाली करते. तो म्हणतो, "मॅडम, हिरवळीवर हिरवा उठणार नाही." झालं, हिरवा बाद. सासूशी वाद घालता येत होता. ड्रोनशी काय घालणार?

फोटोग्राफरला न दिसणारी एक गोष्ट मात्र पाटावर बसल्यावर सगळ्यांना दिसते. ओटी पदरात भरतात, आणि लेहंग्याला पदर नसतो. असते ती नेटची ओढणी, ती खांद्यावर सहा पिनांनी आणि कमरेपाशी दोन पिनांनी जखडलेली, कारण घड्या हलल्या तर लूक हलतो. वरमाई नारळ, खण, हळकुंड, सुपारी आणि ओंजळभर तांदूळ घेऊन उभी राहते आणि जागा शोधते. कोणीतरी दोन पिना काढायला सुचवतं. मेकअपवाली ताई किंचाळते. शेवटी ओढणीचं एक टोक पुढे ओढून त्यात तांदूळ सोडले जातात आणि ते नेटच्या भोकांतून शिस्तीत खाली पडतात. नारळ तेवढा टिकतो. अखेर करवली स्वतःची साडी सावरत पुढे होते आणि नवरीची ओटी स्वतःच्या पदरात घेते. विधीच्या दृष्टीने आता साखरपुडा नेमका कोणाचा झाला, यावर मागे दोन काकवांची गंभीर चर्चा सुरू होते.

पुरुष या सगळ्यातून सुटले असं समजू नये. सत्तर-ऐंशीच्या दशकांत नवरदेवाला सफारी सूट शिवला की विषय मिटत असे. तो टेरिकॉटचा सफारी साखरपुड्याला, मग लग्नाच्या रिसेप्शनला, मग मुलाच्या बारशाला आणि शेवटी तलाठी कार्यालयातल्या कामाला चाले. आता जोधपुरी, इंडो-वेस्टर्न, अचकन आणि वरून जॅकेट. या बिनबाह्यांच्या जॅकेटवरून तर दोन देशांत चर्चा झाली आहे. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी दक्षिण कोरियाचे तेव्हाचे अध्यक्ष मून जे-इन यांनी पंतप्रधान मोदींनी पाठवलेली 'मोदी जॅकेटं' घालून फोटो टाकले आणि ओमर अब्दुल्लांनी लगेच आठवण करून दिली की याला आम्ही नेहरू जॅकेट म्हणत आलो. भिसेगावच्या नवरदेवाला या वादात पडायचं नसतं. दुकानदार 'मोदी' म्हणाला की तो मान हलवतो, सासरे 'नेहरू' म्हणाले की तेव्हाही हलवतो. त्याची खरी अडचण पोटावरच्या तिसऱ्या बटणाची असते. जोधपुरी कपडा उभं राहण्यासाठी बेतलेला असतो, आणि कोकणातल्या विधीत पाटावर मांडी घालावी लागते.

त्यातून जागा म्हणजे कर्जत. मुंबईकरांनी नदीकाठ, डोंगरपायथा, जिथे दिसेल तिथे फार्महाउस बांधून ठेवली आहेत, आणि साखरपुडा तिथल्या हिरवळीवर 'ओपन एअर' करण्याची पद्धत पडली आहे. थाटाला या भागात तोटा नाही. कर्जत-चौक रस्त्यावरच्या एन. डी. स्टुडिओत नितीन देसाईंनी 'जोधा अकबर'साठी मोगल दरबार उभा केला, आणि २००८ च्या त्या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी नीता लुल्लांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेव्हापासून तालुक्यातल्या नवरदेवाला तुऱ्याचा फेटा आणि सात पदरी मोत्यांची माळ म्हणजे गावचाच पोशाख वाटतो. फरक इतकाच, की जलालुद्दीन अकबराला 'कट' झाल्यावर पंख्यासमोर बसता येत होतं.

अक्षय्य तृतीयेच्या आसपास घाटाखाली समुद्रावरचा वारा पोचत नाही आणि डोंगर तापतात. याच रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्यात २८ मार्च २०१७ रोजी पारा ४६.५ अंशांवर गेला होता. कर्जत त्याच्या मागे असलं तरी फार मागे नाही. अशा दुपारी चार किलोचा लेहंगा, खाली कॅनकॅन, वर अस्तर, मखमली ब्लाऊज आणि अडीच तासांचा मेकअप घेऊन मुलगी 'कँडिड' हसत असते. तिच्याभोवती कॅमेरा, रिफ्लेक्टर आणि छत्री धरलेली मुलं, सगळी काळ्या टी-शर्टात. शुभकार्यात काळं नको म्हणून एका चुलतमावशीला सकाळीच घरी पाठवून साडी बदलायला लावलेली असते. या मुलांना मात्र काळं असूनही कोणी हटकत नाही. उलट आलेला प्रत्येक जण त्यांनाच आधी विचारतो, कुठे उभं राहू.

पाहुण्यांचं काय? ग्रुपवर शेड आली तेव्हा निम्म्यांनी अंगठा दाखवला आणि कपाट उघडलं. कपाटात त्या शेडचं काहीही नव्हतं. मग कोणी रबाळ्याच्या मैत्रिणीची साडी आणली, कोणी भाड्याने कुर्ता घेतला. खोपोलीच्या काकांनी थेट उत्तर पाठवलं, "माझ्याकडे पांढरा शर्ट आहे, तुमचं जे काय आहे ते मागे लावा." आहेरात मात्र जुनीच व्यवस्था टिकून आहे. तिथे शेड चालत नाही. पँटपीस, शर्टपीस, टॉवेल-टोपी आणि ब्लाऊजपीस कर्जतहून नेरळला, नेरळहून चौकला, चौकहून पुन्हा कर्जतला फिरत राहतात. कोणी ते शिवत नाही, म्हणून ते कायम नवे राहतात. तालुक्यात सर्वांत टिकाऊ कपडा कोणता, याचं उत्तर दुकानात मिळणार नाही. ते आहेराच्या पिशवीत आहे.

हे सगळं जमवणारी एकच व्यक्ती गावात खरी सत्ताधारी, ती म्हणजे ब्लाऊज शिवणारी ताई. नवरीचा ब्लाऊज, करवलीचा ब्लाऊज, दोन्ही विहिणींचे ब्लाऊज, सगळे तिच्याकडे, आणि तारीख सगळ्यांची एकच. साखरपुड्याच्या आदल्या रात्री साडेदहाला तिच्या दारात दुचाक्या उभ्या असतात. हुक लावायचे राहिलेत, असं ती सांगते आणि वरमाईसुद्धा आवाज चढवत नाही. मनीष मल्होत्रालाही एवढं कोणी घाबरत नसेल.

गेल्या हंगामात ही शेडची शिस्त विधी सांगणाऱ्यांपर्यंतही पोचली. गुरुजींनाही रंग कळवावा, स्टेजवर ते मध्येच दिसतात आणि फ्रेम बिघडते, असं एका ग्रुपवर ठरलं आणि तसा निरोप गेला. गुरुजींनी उलट निरोप धाडला, की त्या दिवशी सकाळी आकुर्ल्याला पीच आहे, दुपारी दहिवलीला लॅव्हेंडर आहे आणि संध्याकाळी तुमच्याकडे शॅम्पेन. एकाच धोतरात तिन्ही बसत नाहीत, तेव्हा दक्षिणेसोबत शेडप्रमाणे एकेक उपरणं द्यावं आणि ते परत मागू नये.