इन्फोजी

वकिलाने काम मागायला जायचे नसते. बार कौन्सिलचा 36 वा नियम याबाबत फार कडक आहे. जाहिरात नको, दलाल नको. दाराबाहेरची पाटीसुद्धा माफक आकाराची हवी, आणि आपण पूर्वी न्यायाधीश होतो असे तिच्यावर लिहायचे नाही. (मी नव्हतोच, त्यामुळे ही अट जड गेली नाही.) 2008 मध्ये नियम सैल झाला तो एवढाच, की वेबसाइट चालेल, पण तिच्यावर नाव, पत्ता, फोन, मेल, सनदेचा क्रमांक, शिक्षण आणि कसली कामे करतो, यापलीकडे फारसे काही नको. माझी तशी एकपानी वेबसाइट आहे. भाच्याने करून दिली. तिच्यावरून पक्षकार कधी आला नाही. आले ते मला पक्षकार मिळवून देणारे.

त्यांत मेलवाले सगळ्यांत चिवट. माझा मेलचा पत्ता 'इन्फो'ने सुरू होतो, म्हणून मायना 'डिअर इन्फो', आणि पाठवणारा जरा संस्कारी असला तर 'इन्फोजी'. पुढे कळते की त्यांनी माझ्या वेबसाइटचा सखोल अभ्यास केला आहे, ती त्यांना अतिशय आवडली आहे आणि तिच्यात गंभीर दोष आहेत. दोष काढले की मी गूगलच्या पहिल्या पानावर. उत्तर दिले नाही की दोन-चार दिवसांनी 'माझा मेल पाहिलात ना?' मग 'आपण कामात असाल, समजू शकतो.' मग 'हा माझा शेवटचा मेल.' हा शेवटचा मेल बहुतेक दर महिन्याला येतो. इतक्या नेमाने तारखा पाळणारा पक्षकार मला अजून मिळायचा आहे.

पुरस्कारवाल्यांचे थोडक्यात आटोपतो. देशातील अग्रगण्य विधिज्ञ म्हणून माझी निवड झालेली असते. शाल, ट्रॉफी, पंचतारांकित जेवण, आणि तळाशी बारीक अक्षरात नोंदणी शुल्क अधिक जीएसटी.

महिन्याला अमुक इतक्या 'लीड' देतो म्हणणारे मात्र ओळखीचे वाटतात. हातात समन्स घेऊन एसटीतून उतरलेल्या माणसाला हेरून 'चला, चांगला वकील गाठून देतो' म्हणणारे दलाल आम्ही पाहिले आहेत. अशा दलालांची यादी करून कोर्टात लावायची तरतूद 1879 च्या कायद्यात होती. 2023 च्या दुरुस्तीने ती ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये आली. यादीत नाव असताना दलाली केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा 500 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्टँडवरच्या दलालाला निदान गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून थाप मारावी लागे.

पण फार तक्रार करायची सोय नाही. इंटरनेटवर घाऊक जाहिरात ओतण्याचा पहिला मोठा गाजलेला उद्योग आमच्याच व्यवसायबंधूंनी केला. 1994 च्या एप्रिलमध्ये लॉरेन्स कॅन्टर आणि मार्था सिगेल या अमेरिकन वकील दांपत्याने ग्रीनकार्डच्या सोडतीची जाहिरात यूजनेटच्या हजारो चर्चागटांत एकदम टाकली. लोक खवळले. दोघांनी पश्चात्ताप वगैरे केला नाही. उलट अशी कमाई कशी करावी यावर पुस्तक लिहिले. कॅन्टर यांची टेनेसीतली सनद 1997 मध्ये गेली, आणि त्याच्या कारणांत ही जाहिरातही होती.

फोनवर येणाऱ्यांना माझ्याकडे जालीम औषध आहे. विनातारण कर्ज मंजूर झाल्याचे सांगणारी मुलगी शेवटी विचारतेच, "सर, प्रोफेशन?" मी म्हणतो, "वकिली." पलीकडे क्षणभर शांतता. "सर, मी थोड्या वेळाने कॉल करते." तो थोडा वेळ अजून संपलेला नाही. आमचा ज्युनिअर हल्ली फोन उचलल्याबरोबर हॅलोऐवजी 'वकीलसाहेबांचं ऑफिस' म्हणतो.

एक पोरगा मात्र त्यालाही बधला नाही. गूगलच्या पहिल्या पानावरून तो हटेना, तेव्हा मी त्याला 36 वा नियम पाटीच्या आकारासकट समजावून सांगितला. त्याने मध्ये न बोलता ऐकून घेतला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "सर, एक विचारू का? कंपनीने दोन महिन्यांचा पगार थकवलाय. नोटीस पाठवता येते का?" मी नेमणुकीचे पत्र आणि बँकेचा उतारा घेऊन यायला सांगितले. त्याने फी विचारली, मी सांगितली. "सर, काही कमी?" इतक्या जणांत माझ्याकडून काही घ्यायला तयार झालेला हा पहिलाच, म्हणून केली कमी.