पावसाची हजेरी

मराठी वर्तमानपत्रांत पाऊस कधी नुसता पडत नाही. तो दडी मारतो, हुलकावणी देतो, मग एके दिवशी ‘दमदार पुनरागमन’ करतो. मध्येच ‘तुरळक हजेरी’ लावतो; म्हणजे मस्टरवर सही ठोकून पसार. परतीचा पाऊस तर जाता जाता सोयाबीन आडवं करून जातो. निवडणुकीला उभं राहायला माणसाला आणखी काय लागतं?

आमच्या आईनं ही भाषा फारच मनावर घेतलीय. “दडी मारलीय म्हणे,” पेपर खाली ठेवत ती म्हणते, “गेल्या जूनमध्येही असंच केलं मेल्यानं.”

सरकारी पाऊस त्या मानानं रुक्ष. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर गेला तर ‘अतिवृष्टी’. मग पंचनाम्याची आशा. त्याच्या आत राहिला तर पीक झोपलेलं असूनही तो फक्त ‘पाऊस’. वेधशाळेच्या हिशेबात ढगफुटी म्हणजे तासाभरात 100 मिलिमीटर. बातमीदार काही तितका वेळ मोजपात्र धरून उभा राहत नाही. तो ‘ढगफुटीसदृश’ लिहितो आणि चहाला जातो. ‘सदृश’ हा पत्रकारितेतला अटकपूर्व जामीन आहे.

पण खरी गंमत कर्त्याची. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर कोसळला, तेव्हा सगळं खापर पावसावर फोडलं तरी चालण्यासारखं होतं. आमच्या गल्लीत मात्र दोन सरी आल्या की गुडघाभर पाणी. दुसऱ्या दिवशी बातमी: ‘पावसाने नागरिकांची दाणादाण.’ खाली, ‘सखल भागात पाणी साचले.’ साचले! आपलं आपणच, दह्यासारखं. आणखी खाली, ‘नालेसफाई करण्यात आली होती.’ कुणी केली, कुठला नाला, गाळ कुठं गेला, काही पत्ता नाही. सबंध बातमीत हात-पाय असलेला इसम एकच, तो म्हणजे पाऊस. त्याला नोटीस बजावता येत नाही, ही सगळ्यांचीच सोय.

शेवटच्या परिच्छेदात मात्र कर्ता अचानक उगवला, तोही नावानिशी, पदासकट: नगरसेवकांनी परिस्थितीची पाहणी केली. सोबत फोटो. विजार दुमडलेली, बोट नाल्याकडे, मागे छत्री धरलेला कार्यकर्ता.

आईनं चष्मा लावून फोटो नीट न्याहाळला. “पाणी ओसरल्यावर आला होता ना रे हा? मग छत्री कशाला?”