सांबाराची जुडी, लोणच्याची बरणी

“काय वं, तुही थे अदिती कोठी गेली?”

२०२५च्या डिसेंबरचं ऊन नुकतंच आमच्या वालकंपाउंडवर चढलं होतं. काकूंनी भिंतीवर सूप टेकवलं होतं, सुपात तुरीच्या ओल्या शेंगा, आणि सोले काढता काढता त्यांनी हा प्रश्न टाकला. मी दचकलेच. काकूंच्या तोंडी ‘कोठी गेली’ आलं की गल्लीतली कोणीतरी सून भांडून माहेरी गेली, असा अर्थ घ्यायचा असतो.

“कोणती अदिती, काकू?”

“अवो थे गोल्फवाली नाई का! जिची माय थैली घेऊन मांगं मांगं फिरे. नातवाच्या मोबाइलात यादी पाह्यली. वरून बोट लावत आली मी, सापडूनच नाई राहिली पोट्टी.”

सत्तरी ओलांडलेल्या, वाशिमच्या पाटणी चौकाच्या पलीकडं क्वचित जाणाऱ्या बाईला गोल्फची यादी कशाला हवी, हे सांगायचं तर जरा मागं जावं लागेल. ७ ऑगस्ट २०२१, शनिवार. नीरज चोप्राचा भाला संध्याकाळी उडायचा होता, पण आमच्या घरी टीव्ही सकाळपासूनच टोकियोला लागलेला. सोयाबीन फुलावर होतं, बाहेर झड लागलेली. काकू विरजण मागायला आल्या आणि वाटी हातात धरून तिथंच बसल्या.

“हे काय चालू हाय?”

“गोट्यांची गल असते ना काकू, तसंच. फक्त गल तीनचारशे पावलांवर. जो कमी फटक्यांत गलीत घालील तो जिंकला.”

गल सव्वाचार इंचांची, अशा अठरा गली, चार दिवस रोज तेवढ्याच. हा हिशेब काकूंना आवडला नाही. त्यांना आवडली ती पिशवी वाहणारी बाई. बंगळुरूची अदिती अशोक खेळत होती आणि तिची आई महेश्वरी खांद्यावर पिशवी घेऊन तिच्याबरोबर चालत होती. पाच वर्षांपूर्वी रिओच्या ऑलिम्पिकमध्ये तेच काम वडिलांनी केलं होतं. साठ जणींच्या त्या स्पर्धेला अदिती आली तेव्हा जगाच्या क्रमवारीत दोनशेवी होती, आणि तीन दिवस संपले तेव्हा दुसरी! चौथ्या दिवशी वादळानं खेळ थांबला, पुन्हा सुरू झाला, आणि शेवटी एका फटक्यानं कांस्य हुकलं. नेली कोर्डाला सुवर्ण, जपानच्या मोने इनामीला रौप्य, न्यूझीलंडच्या लिडिया कोला कांस्य, आपली चौथी. काकूंची वाटी तशीच रिकामी राहिली. त्या दिवसापासून अदिती काकूंच्या घरातली झाली. आमच्या वाशिम जिल्ह्याची तर ती वर्गमैत्रीणच म्हणायची. तिचा जन्म मार्च १९९८चा, आणि अकोल्यातून फुटून जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ला.

तर आता त्या यादीत ती का सापडेना, हे काकूंना हवं होतं.

मी त्यांना रीत समजावली. महिला गोल्फची जागतिक क्रमवारी २००६ साली सुरू झाली, तेव्हा पहिली आली होती स्वीडनची ॲनिका सोरेनस्टम. यादी दर आठवड्याला नवी निघते. स्पर्धेत मिळालेले गुण पहिले तेरा आठवडे पुरते धरतात. मग दर आठवड्याला थोडे थोडे कापत जातात, आणि दोन वर्षं भरली की त्यांचा पार शून्य होतो. उरलेल्या बेरजेला खेळलेल्या स्पर्धांच्या संख्येनं भागायचं. कोणी पस्तीसहून कमी खेळली असली तरी भागाकार पस्तीसनंच, म्हणजे एक मोठी स्पर्धा मारून घरी बसायची सोय नाही.

“मंग अदितीनं काही मारलंच नाई का?”

“मारलं ना. २०१६ला युरोपच्या दौऱ्यावर जिंकलेली ती पहिली भारतीय बाई. २०२३ला केनियात जिंकली, मग त्याच वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी स्पेनमध्ये. पाचवं जेतेपद ते.”

“मंग?”

“आता कोणता महिना चालू आहे, काकू?”

काकूंनी बोटांवर मोजलं. नोव्हेंबर ते नोव्हेंबर, दोन वर्षं. स्पेनचे गुण नुकतेच, पंधरा दिवसांपूर्वी, यादीतून गळून गेले होते.

“म्हंजे पुसलं?”

“पुसलं.”

“बाप्पा! अन माह्या लगनात वरणात मीठ जास्त झालं होतं, थे माह्या सासूनं मरेलोक काढलं!”

मला विचाराल तर स्पेनचा तो विजय पुसला जावा याचं वाईट वाटायला एक खास कारण आहे, आणि ते यादीत कुठंच दिसत नाही. त्याच्या दोनच महिने आधी हांगझोऊच्या आशियाई खेळांत अदितीनं तिसऱ्या दिवशी ६१ फटक्यांचा डाव खेळून सात फटक्यांची आघाडी घेतली होती. शेवटच्या दिवशी ७७ झाले. थायलंडच्या आर्पिचाया युबोलनं सुवर्ण नेलं, अदितीला रौप्य. आशियाई खेळांत गोल्फचं पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला, तरी त्या दिवशी सगळीकडं बोललं गेलं ते हरवलेल्या सात फटक्यांबद्दलच. सात फटके एका दिवसात घालवलेली पोरगी आठ आठवड्यांत उठून स्पेनमध्ये जिंकते, याला यादीत वेगळा रकाना नाही. माझ्या वहीत आहे.

इतक्यात पलीकडच्या गच्चीवरून कपडे वाळत घालता घालता वयनींनी तोंड घातलं. वयनींचं माहेर नागपूरचं, त्यामुळं त्यांचं पारडं नेहमी एकाच बाजूला झुकलेलं.

“काकू, गोल्फचं काय घेऊन बसल्या? आपली दिव्या पाहा. तिचे गुण कोणी पुसत नाही.”

दिव्या देशमुख. विदर्भात राहून हे नाव माहीत नाही असं कोणी उरलंय असं मला वाटत नाही. २०२५च्या जुलैत जॉर्जियातल्या बाटुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक झाला. एकोणीस वर्षांच्या दिव्याला तिथं पंधरावं मानांकन होतं. तिनं चीनच्या झू जिनरला काढलं, मग हरिकाला, मग तान झोंगयीला, आणि अंतिम फेरीत कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये. ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म हातात नसताना त्या एका कपानं ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली.

वयनींचं म्हणणं खरंच होतं. बुद्धिबळाचं गुणांकन काळानं झडत नाही. खेळलात आणि हरलात तर उतरतं, जिंकलात तर चढतं, आणि पट मिटून घरात बसलात तर नावापुढं ‘निष्क्रिय’ लागतं, आकडा मात्र तसाच राहतो.

काकूंनी दोन शेंगा मोडेपर्यंत विचार केला.

“म्हंजे गोल्फचं हाय सांबाराची जुडी, अन बुद्धिबयाचं लोणच्याची बरणी.”

(आमच्या वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पुण्याच्या पाहुण्यांनी उगाच इडली शोधू नये.)

यापेक्षा नेमकं मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. जुडी पहिले काही दिवस टवटवीत, मग कडेनं पिवळी, मग उकिरड्यावर. बरणीचं तसं नाही; झाकण उघडलं नाही तर वर्षभर तशीच.

मग मला तिसरा प्रकार आठवला, तो आपल्याच जिल्ह्याचा. २०१८ला नीती आयोगाची आकांक्षित जिल्ह्यांची योजना आली. देशातले ११२ जिल्हे, त्यात महाराष्ट्राचे चार: गडचिरोली, नंदुरबार, तेव्हाचं उस्मानाबाद आणि आपलं वाशिम. आरोग्य, शिक्षण, शेती वगैरे धरून ४९ निर्देशांक, आणि दर महिन्याला ‘डेल्टा’ क्रमवारी. शाळेत नोकरीला असताना त्या रकान्यांची माहिती भरून देता देता माझे डोळे गेले, म्हणून चांगलं लक्षात आहे. डेल्टा म्हणजे तुम्ही कुठं उभे आहात ते नाही, या महिन्यात किती सरकलात ते. काल मागं असलेला जिल्हा आज दोन पावलं जास्त टाकून पहिला येऊ शकतो.

“हे तं भल्लंच चांगलं,” वयनी म्हणाल्या.

“कायचं चांगलं?” काकू. “जो खाली हाय, त्याले चढायले जागा हाय. जो वरतं बसला, थो काय आभायात जाईन?”

नव्या फॉर्मवर क्रम लावणाऱ्या प्रत्येक यादीचं दुखणं काकूंनी सोले काढता काढता पकडलं. जी खालून वर येते ती डोळ्यात भरते, जी वर टिकून राहते ती दिसतच नाही. वर टिकणंही सोपं नसतं म्हणा. नेली कोर्डाचंच पाहा, तीही १९९८चीच. २०२४ला खेळली त्या सलग पाच स्पर्धा जिंकली, वर्षभरात सात. २०२५ला एकही नाही! तरी ऑगस्टपर्यंत जगात पहिली तीच होती, जुन्या जुडीतल्या हिरव्या काड्यांच्या जोरावर. मग थायलंडच्या अत्थया थिटिकुलनं तिला उतरवलं. २००३ची पोरगी, एकोणिसाव्या वर्षी एकदा पहिली होऊन गेलेली. नोव्हेंबरात वर्षाच्या शेवटच्या स्पर्धेत तिनं लागोपाठ दुसऱ्यांदा ४० लाख डॉलरचं बक्षीस उचललं.

“किती झाले थे?”

“पस्तीस कोटींच्या आसपास.”

काकूंचा हात थांबला. त्यांच्या घरात रुपयाचा हिशेब सोयाबीनमध्ये होतो. २०२५-२६चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ होता. मी मोबाइलवर भागाकार केला, पासष्ट हजार क्विंटलांच्या वर गेला.

“हमीभावानं ना? आपल्याले थो भेटते कोठी! बजारभावानं कर.”

बाजारभावानं मी केला नाही. वयनींची पोळी तव्यावर होती आणि मला अजून लॉटी वोडबद्दल सांगायचं होतं.

ही इंग्लंडची, तेव्हा एकवीस वर्षांची पोरगी. ताज्या फॉर्मवर क्रम लावायचा म्हटलं तर २०२५च्या जुलैत हिच्यापुढं कोणी नव्हतं. आयर्लंडची स्पर्धा हौशी खेळाडू म्हणून सहा फटक्यांनी जिंकली. हौशी असल्यानं बक्षिसाचा पैसा घेता आला नाही. पुढच्या आठवड्यात फ्रान्समध्ये एव्हियानला तिसऱ्या जागेची वाटेकरी. मग व्यावसायिक झाली, आणि व्यावसायिक म्हणून पहिलीच स्पर्धा, स्कॉटलंडची, खिशात घातली. एका महिन्यात इतकं!

“अन मंग?”

“मग काय, जुलैपासून तेरा आठवडे मोजा.”

काकूंनी मोजले. दिवाळी झाली आणि लॉटीची जुडीही कडेनं पिवळी पडायला लागली होती.

दीक्षा डागरचं नाव मीच काढलं, कारण ती माझ्या आवडीची. हरियाणाची, डावखुरी, जन्मापासून ऐकू येत नाही, लहानपणी कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया झालेली. अठराव्या वर्षी, २०१९ला, तिनं दक्षिण आफ्रिकेची ओपन जिंकली. २०२३ला चेक ओपन. बधिरांच्या ऑलिम्पिकमध्ये २०१७ला रौप्य, २०२२ला सुवर्ण. टोकियोला तर दुसऱ्या देशाची एक खेळाडू ऐनवेळी गळाली म्हणून हिला जागा मिळाली, आणि धावत जाऊन ती खेळली. काकूंनी तिच्या आईवडिलांची चौकशी केली. वडील लष्करात कर्नल, हे ऐकून मान डोलावली. अवनी प्रशांतबद्दल मी घाईत सांगितलं: बंगळुरूचीच, २००६चा जन्म, हांगझोऊच्या संघात अदितीबरोबर सोळाव्या वर्षी होती, आता व्यावसायिक. “तिले वाढू दे,” एवढंच काकू म्हणाल्या.

मग सूप खाली ठेवून त्यांनी यादी लावली. तव्यावरचं काम उरकून वयनी परत आल्या होत्या.

पहिली अदिती. दुसरी डावरी दीक्षा. तिसरी थायलंडवाली, “पैशासाठी नाई, उतरून पुन्ना चढली म्हणून.” चौथी नेली. लॉटी पाचवी.

“काकू, याला फॉर्म म्हणत नाहीत. अदिती दोन वर्षांत जिंकलेली नाही.”

“तुही यादी दोन वर्षांची हाय. माही नाई. अन त्या लॉटीले म्हणा, तीन महिने नाई, तीन दिवाळ्या काढ, मंग वरतं घेतो तुले.”

“आणि दिव्या?” वयनींनी गच्चीवरून विचारलं.

“थे या यादीत कायले? थे तं बसून खेयते.”

वयनी चिमटे आपटत आत गेल्या. पाव किलो सोले भिंतीवरून माझ्याकडं आले. वयनींकडं त्या दिवशी गेले नाहीत.