गाडी कोण ढकलणार?

मराठवाड्यात प्रवासाला निघालेलं घर सामान मोजतं, लेकरू मोजत नाही. बॅगा किती, पिशव्या किती, पाण्याचा कॅन चढला का, शिदोरीचा डबा कुणाजवळ आहे, याची उजळणी नांदेडच्या बसस्थानकावर लातूरची गाडी लागेपर्यंत पुन्हा पुन्हा होते. लेकरू कुणाच्या ना कुणाच्या कडेवर असणार हे धरूनच चाललेलं असतं. ते आईकडून आत्याकडे जातं, आत्याकडून मामाकडे, आणि मामाचा हात भरून आला की खिडकीजवळच्या एखाद्या अनोळखी बाईच्या मांडीवर. लोहा मागे पडून अहमदपूर येईस्तोवर त्या बाईला त्याचं नाव, त्याला पहिला दात कधी आला आणि त्याच्या आईचं माहेर कोणतं, हे सगळं ठाऊक झालेलं असतं. एसटीसुद्धा लेकराला ओझं मानत नाही. पाच वर्षांच्या आत तिकीटच नाही. 2023पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर फुकटच. त्यामुळे आमचं कुटुंब बसमध्ये चढलं की पूर्ण तिकिटाचा मानकरी मी एकटाच उरतो, आणि बहुधा उभाही मीच राहतो.

अशा मुलखात लेकराला चाकं लावायची वेळ का यावी? पण आली आहे खरी. आत्या हैदराबादला गेली, मामा पुण्यात फ्लॅट घेऊन बसला, खिडकीजवळची बाई कानात बोंडं घालून मोबाइल बघू लागली. लेकरं तेवढ्याच वजनाची राहिली, कडेवर घेणारी माणसं मात्र पांगली. म्हणून पुण्याहून आमच्या लेकीचा निरोप आला, की लातूरच्या लग्नाला येण्याआधी बाळासाठी एक घडीची बाबागाडी ठरवायची आहे. हलकी हवी, रेल्वेत बर्थखाली सरकली पाहिजे आणि बाबा, तुम्हाला वेळ असतो तर जरा बघून ठेवा. निवृत्त माणसाला वेळ असतो, हा गैरसमज घरच्यांनी इतक्या मायेने जपलेला असतो, की तो मोडायलाही वेळ मिळत नाही.

मी बघायला बसलो आणि नेहमीप्रमाणे गाडीऐवजी गाडीच्या इतिहासात शिरलो. इंग्लंडात 1733 साली विल्यम केंट नावाच्या कलावंताने डेव्हनशायरच्या ड्यूकच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची एक छोटी गाडी घडवली. ती ओढायला म्हणे शेळी जुंपायची सोय होती. आमच्याकडच्या शेळीला असं काही सांगितलं असतं, तर बाळ, गाडी आणि ड्यूक तिघांनाही तिने बाभळीखाली नेऊन उभं केलं असतं. पुढे दोन-सव्वादोनशे वर्षं बाबागाड्या वजनदार, ऐसपैस आणि सरदारी थाटाच्याच राहिल्या. मग 1965 साली ओवेन मॅक्लॅरन नावाच्या एका इंग्रज अभियंत्याने ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी तयार केली. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाची चाकं उडताना पंखात दुमडून जायची. त्या चाकांच्या रचनेत या गृहस्थांचा हात होता. लेक नातवंडाला घेऊन मॉस्कोहून आली, जड गाडी वागवता वागवता थकून गेली आणि आजोबांनी विमानाची विद्या लेकराच्या गाडीत उतरवली, असं सांगतात. त्या पहिल्या गाडीचं वजन पावणेतीन किलोच्या आत होतं. जगातली घडीची बाबागाडी एका आजोबांनी केली, हे वाचल्यावर मी खुर्चीत जरा ताठ बसलो. माझ्याकडे फक्त निवडण्याचं काम आलं होतं.

हलकेपणाचा विषय निघाला की लातूरकरांना खरं तर इंग्लंडपर्यंत जायची गरज नाही. लातूरला रेल्वे आली तीच हलकी म्हणून. बार्शी लाइट रेल्वे हे तिचं नाव. 1897 साली ती कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत सुरू झाली आणि 1911 साली लातूरला पोचली. रुळांमधलं अंतर अडीच फूट. डबे असे की पाय लांब केले तर समोरच्या पाहुण्याच्या कौटुंबिक जीवनात ढवळाढवळ होई. जुनी माणसं त्या गाडीविषयी बोलताना आवाज खाली आणतात, जणू ती शेजारच्या खोलीत झोपली आहे. ती आखणारा एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा विलक्षण माणूस होता. रूळ हलके ठेवायचे तर गाडी दुबळी करायची नाही, फक्त ओझं सगळ्या आसांवर सारखं वाटून द्यायचं, हे त्याचं तत्त्व. कुठल्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये, मग तो इंजिनाचा आस असो की डब्याचा. पुढे चार्ल्स रोल्स हा त्याचा मित्र 1910 साली विमान कोसळून गेला, आणि रेल्वेचा हा माणूस पॅराशूट तयार करण्याच्या मागे लागला. त्याला त्याने ‘गार्डियन एंजल’ असं नाव दिलं. एकाने विमानाकडून बाबागाडीकडे यावं, दुसऱ्याने लातूरच्या रुळांवरून आभाळाकडे जावं, आणि दोघांनाही वेड एकच असावं, वजनाची समजूत काढायचं, हा योगायोग मला फार आवडला. लेकीला मी तो फोनवर सविस्तर सांगितला. ती म्हणाली, “बाबा, गाडी बघितली का?”

पण कॅलथ्रॉपचं ते तत्त्व माझ्या मनातून जाईना. आई, आत्या, मामा, खिडकीजवळची बाई हे आमच्या घराचे आसच होते की! भार वाटला गेला होता, म्हणून लेकरू कुणालाच जड झालं नाही. आता तेवढे आस राहिले नाहीत, म्हणून चार चाकं विकत घ्यायची आहेत.

बाजारात या गाड्यांच्या ढोबळमानाने दोन जाती आहेत. एक मॅक्लॅरनच्या वंशातली, छत्रीसारखी मिटणारी. मिटली की ती गोदाकाठच्या बगळ्यासारखी लांब, सडपातळ होऊन कोपऱ्यात उभी राहते. हिला दोन मुठी असतात, म्हणजे ढकलायला दोन्ही हात द्यावे लागतात. दुसरी जात पेटीसारखी चापून मिटते, बर्थखाली किंवा एसटीच्या वरच्या फळीवर बसते आणि तिला बहुधा एकच सलग दांडी असते. बऱ्याच गाड्या चार ते सात किलोंमध्ये येतात. गंमत अशी की दुकानदार एकेका किलोसाठी हजारो रुपये वाढवून मागतो. मराठवाड्यात जास्त वजनाला जास्त पैसे द्यायची आमची सवय, इथे नसलेल्या वजनाचे पैसे द्यायचे.

हलकेपणाला स्वतःचे नखरेही असतात. चाक जितकं लहान, तितका खड्डा मोठा. मॉलच्या फरशीवर हंसासारखी चालणारी गाडी नांदेडात वजिराबादच्या रस्त्यावर आली की एखाद्या गिट्टीच्या खड्यापाशी अडून बसते, आणि बाळ पुढे झुकून खड्याची चौकशी करतं. लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी 1917 साली आखलेला तो देखणा गोल, मधोमध देवीचं मंदिर. तिथे चपलांची दुकानं, हातगाड्या आणि दुचाक्या चुकवत बाबागाडी नेणं म्हणजे प्रदक्षिणाच. कोणत्या रस्त्याने बाहेर पडाल ते देवीच्या हाती. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात संगमरवर असा गुळगुळीत की कुठल्याही चाकाने हेवा करावा; पण त्या दारात गाडी न्यावी असं मनातच येत नाही. तिथे जोडे काढताना लेकरू आपसूक कडेवर येतं. शिवाय ऊन आहे. आमच्या एप्रिलमध्ये गाडीवर दुपटं पांघरलं की सावली होते असं वाटतं, पण वारा अडल्याने आतली हवा उलट तापते. त्यापेक्षा मोठं छत आणि मागे जाळी बरी. बाळाची मान धरेपर्यंत पाठ सपाट होणारीच गाडी लागते. पट्टा दोन्ही खांद्यांवरून, कमरेवरून आणि पायांमधून येणारा हवा. आणि घडी उघडताना-मिटताना लेकराला लांब धरायचं, कारण बिजागरीला बोट ओळखू येत नाही. याच कारणाने 2009 साली अमेरिकेत मॅक्लॅरनच्या नावाच्या सुमारे दहा लाख गाड्यांच्या बिजागऱ्यांसाठी आवरणं वाटावी लागली होती.

हे सगळं मी वहीत टिपून ठेवत होतो, तेव्हा घरातून एकच प्रतिक्रिया येत होती. “लेकरू म्हणजे काय भाजीपालाय का, गाड्यावर घालून फिरवायला?” आमच्या सौभाग्यवतींचं हे मत ठाम होतं. त्यांनी दोन लेकरं कडेवर वाढवली, एक झोळीत झोपवत आणि एक पदराला धरून. मात्र ते दिवस गुडघ्यांचेही चांगले होते. आता डॉक्टरांनी हातात काठी घ्यायला सांगितली आहे आणि ती काठी आमच्या कपाटामागे अत्यंत सुरक्षित आहे. लग्नकार्यात तर तिचं नावही काढायचं नाही. काठी धरली की माणूस म्हातारं होतं, नाही धरली तर नुसतंच हळू चालतं, असा हा हिशोब.

लग्नाचा दिवस आला तरी माझी गाडी ठरली नव्हती, म्हणून लातूरला लेकीने मैत्रिणीची छत्रीवाली गाडी मागून आणली होती. मांडवात पाऊल टाकताच बाळ नेहमीच्या रीतीने हातोहात गेलं. पाहुण्यांच्या गर्दीत आस पुन्हा मिळाले होते. गाडी रिकामी उरली. थोड्या वेळाने पाहतो, तर आमच्या सौभाग्यवती ती रिकामी गाडी ढकलत मंगल कार्यालयाच्या अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या आहेत. कुणी विचारलं, “काकू, बाळ कुठंय?” तर म्हणाल्या, “त्याच्याकडंच निघालेय.” बाळ मागच्या बाजूला होतं. त्या पुढे चालल्या होत्या, ताठ मानेने, कुठेही न टेकता. लेकरू चालायला शिकतं तेव्हा आपण त्याच्या हातात पांगुळगाडा देतो. त्याला धरून चाललं की कुणी पांगळं म्हणत नाही, कौतुकच करतं. तसंच कौतुक त्या दिवशी एका साठी उलटलेल्या बाईच्या वाट्याला आलं, आणि काठीचं नावही न काढता.

ती गाडी मात्र आधाराची नव्हती. मुठीला पर्स अडकवताच पुढची चाकं उचलली गेली. रिकामी हलकी गाडी तोल सांभाळत नाही, तिच्यावर भार टाकला तर ती माणसालाच घेऊन मागे कलंडते. इथे मला कॅलथ्रॉप पुन्हा आठवला. ओझं खाली आणि चारी चाकांवर वाटलेलं हवं. म्हणून शेवटी जी ठरली ती यादीतली सगळ्यांत हलकी गाडी नाही. दीड-दोन किलो जास्त आहे, खाली पिशवीसाठी जाळी आहे, पुढची चाकं सरळ अडकवता येतात, आणि एकच सलग दांडी आहे, सौभाग्यवतींच्या कोपराला बरोबर येईल अशी. तिच्यावर रेलायचं नाही, नुसता हात ठेवायचा, हे त्यांना पटलं आहे. त्यांना आधार नकोच होता. चालायला एक निमित्त हवं होतं.

तेव्हा गाडी घ्यायला निघालात, तर बाळाला घरी ठेवलंत तरी चालेल, आजी-आजोबांना मात्र सोबत न्या. कडेवर एक पिशवी घेऊन दुसऱ्या हाताने घडी घालून बघा, मग त्यांच्या हातात दांडी द्या आणि दुकानात एक फेरी मारू द्या. बाळ वर्षा-दोन वर्षांत गाडीतून उतरून पळू लागतं. वजन खोक्यावर छापलेलं असतंच. दांडीची उंची ज्याने ढकलायची आहे त्यानेच उभं राहून बघावी.