आधी मोडायचं कुणी?

कचेरीत घोटाळा वर होतो आणि मेमो शिपायाला मिळतो. या न्यायाला आपण नावं ठेवतो. पण होडीच्या मागे टांगलेलं जुनं आऊटबोर्ड मशीन याच न्यायावर चालतं, आणि माझ्या मते म्हणूनच ते दुरुस्त करण्याच्या लायकीचं असतं. पंखा खडकावर आपटला की बोटाच्या पेराएवढी, मऊ धातूची शिअर पिन तुटते आणि आतले गिअर वाचतात. खारं पाणी धातू खायला लागलं की आधी जस्ताचा ठोकळा झिजतो, बाकीच्यांची पाळी नंतर. आधी कुणी मोडायचं हे घडवणाऱ्याने ठरवूनच ठेवलेलं असतं, आणि पहिला मान नेहमी स्वस्तातल्याचा.

दुरुस्ती बिघडते ती ही उतरंड न ओळखल्यामुळे. मशीन सुरू होईना की हौशी माणूस पाना घेऊन थेट पिस्टनला भिडतो. खरं तर आधी प्लग काढून ठिणगी बघावी, मग कार्बोरेटरच्या सुईएवढ्या भोकात शिळ्या पेट्रोलचा चिकटा बसलाय का ते पाहावं. साहेबांच्या केबिनमध्ये सगळ्यात शेवटी शिरावं. मशीन थंड ठेवायला पाणी ओढणारं रबरी चाक तर तळहातात मावेल एवढं. कोरडं फिरवलं की थोड्याच वेळात त्याच्या पाकळ्या जळतात. म्हणून जाणता मेकॅनिक मशीनच्या आवाजावर भाळत नाही. त्याची नजर मागून पडणाऱ्या पाण्याच्या बारीक धारेवर असते. ऑपरेशननंतर डॉक्टर चारचौघांत विचारतात ना, ‘लघवी झाली का?’, तीच ही चौकशी. आणि पिन सारखी तुटते म्हणून तिथे पोलादी खिळा ठोकणारा तर महाभागच. खिळा तुटत नाही, गिअर तुटतात. शिपाई बचावतो, साहेब निलंबित!

कुणी म्हणेल, जुनं टू-स्ट्रोक मशीन धूर ओकतं, पेट्रोल पितं. कबूल, पाव हिस्सा इंधन न जळताच बाहेर जाऊ शकतं. रोज प्रवासी नेणाऱ्याने खुशाल नवं फोर-स्ट्रोक घ्यावं. माझी वकिली महिन्यातून दोनदा खाडीत गळ टाकणाऱ्यासाठी आहे. भर पाण्यात बंद पडलं तर? बंद नवंही पडतं, आणि दिवा लावून तसं कळवतं. पुढे लॅपटॉपवाल्याची वाट पाहायची. पिन बदलायला पक्कड पुरते, आणि वल्हं तर दोन्ही होड्यांत हवंच. सुटे भाग मिळतील का, ही शंका मात्र रास्त आहे. ओले इव्हिनरूड या माणसाने १९०९ साली अमेरिकेतल्या मिलवॉकीत दीड अश्वशक्तीचं आऊटबोर्ड मशीन बाजारात आणलं. त्याच्या नावाची नवी मशिनं निघणं २०२० मध्ये थांबलं. तरी पिना, प्लग, रबरी चाकं इतर कंपन्याही बनवतात, कारण खपतात तीच. गिअरच फुटले असतील तर मात्र माया न करता मशीन भंगारात द्यावं. फक्त देण्याआधी पिनच्या भोकात एकदा डोकवावं. बहुधा तिथे खिळा सापडेल.