करून पाहा, पण हात लावू नका

संशोधनावर आपल्या समाजाची जितकी निष्ठा आहे तितकी अन्य कोणत्याही विषयावर क्वचितच आढळेल. अट एवढीच की, संशोधक शेजारच्या घरात जन्मलेला असावा आणि त्याने उघडलेला मिक्सर आपल्या ओट्यावरचा नसावा. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात नवोन्मेष-उत्सव भरला म्हणजे तेथे सहकुटुंब सहपरिवार हजर होणाऱ्या मंडळींमध्ये या निष्ठेचे सर्व प्रकार एकाच आवारात पाहावयास मिळतात. १९८५ साली खुले झालेले हे केंद्र मुळातच कळ दाबून, चाक फिरवून शिकावे या हेतूने उभारलेले असल्यामुळे 'हात लावू नकोस' ही पालकवर्गाची वंशपरंपरागत आज्ञा येथे कोणत्या तोंडाने द्यावी, असा पेच वास्तविक प्रवेशद्वारीच उभा राहावा. परंतु वहिवाट इतकी जुनी, की पेच उद्भवण्यापूर्वीच आज्ञा सुटलेली असते.

आवारात १९६१ साली प्रथम आकाशात झेपावलेले 'मारुत' हे भारतीय बनावटीचे लढाऊ विमान ठेवलेले आहे. त्याच्यासमोर छायाचित्र काढून घेत एक आजोबा नातवाला सांगत होते की, यात विशेष काही नाही. १८९५ सालीच आपल्या शिवकर बापूजी तळपद्यांनी चौपाटीवर विमान उडविले होते. शेजारी उभ्या असलेल्या एका तरुणाने अदबीने अर्ज केला की, ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा दाखला या कथेबरोबर नेहमी दिला जातो, त्यातील विमाने उडण्यास असमर्थ आहेत असा निर्वाळा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ सालीच दिला आहे. आजोबा क्षणभरही डगमगले नाहीत. "बंगळूरच्या लोकांना," ते म्हणाले, "चौपाटी काय ठाऊक?"

याच मुंबईत १८६७ साली जन्मलेले शंकर आबाजी भिसे यांनी छपाईचे खिळे पाडणारे यंत्र तयार केले, त्यासाठी विलायत गाठली, दादाभाई नौरोजींचे साहाय्य आणि सर रतन टाटांचे भांडवल मिळविले, आणि अखेर अमेरिकेत देह ठेवला. पण आजोबांच्या तोंडी त्यांचे नाव काही आले नाही. ज्याच्या यंत्राची दप्तरी नोंद आहे, त्याचा अभिमान बाळगण्यात मर्दुमकी ती काय!

आतल्या दालनात एका शाळकरी मुलीने मातीचे लहानसे कपाट मांडले होते. वरच्या कप्प्यातले पाणी सच्छिद्र भिंतींत झिरपते, बाहेरच्या अंगाने त्याची वाफ होते आणि ती होताना आतली उष्णता ओढून नेते, त्यामुळे विजेवाचून भाजी ताजी राहते, असे ती समजावून सांगत होती. वांकानेरच्या मनसुखभाई प्रजापतींच्या मातीच्या फ्रीजवरून आपल्याला हे सुचले, हेही तिने प्रांजळपणे सांगितले. ऐकणाऱ्या गृहस्थांनी कपाटाच्या ओल्या अंगावर बोट फिरविले, ते रुमालाला पुसले आणि उलटतपासणीस प्रारंभ केला.

"बर्फ होतो का?"

"नाही काका."

"मग फ्रीज कसला? बरं, कितवीत आहेस?"

"नववीत."

"क्लास कुठला?"

क्लासचे नाव मात्र सोबतच्या काकूंनी तत्परतेने मोबाइलमध्ये टिपून घेतले. कपाटाचे दार उघडून आत पाहण्याची तसदी दोघांपैकी कोणीही घेतली नाही, आणि ज्या चिरंजीवांची ती घेण्याची मनोमन तयारी होती, त्यांची बखोट एव्हाना तीर्थरूपांच्या हाती गेली होती.

हे चिरंजीव म्हणजे, त्यांच्या मातोश्रींनी मागाहून भर दालनात जाहीर केल्याप्रमाणे, गेल्याच आठवड्यात घरचा मिक्सर उघडून बसल्याबद्दल सणसणीत मार खाल्लेले संशोधक होत. जुनी यंत्रे मुलांना हाताळू देणाऱ्या मेजापाशी मात्र त्याच तीर्थरूपांनी रांगेत घामाघूम होऊन त्यांच्यासाठी जागा मिळविली, हाती पेचकस दिला आणि छायाचित्राचा सर्व इतमाम केला. चिरंजीवांनी कॅमेऱ्याकडे ढुंकूनही न पाहता पंख्याच्या मोटारीचे झाकण काढले, तांब्याच्या तारेचे वेटोळे नखाने उचकटले आणि विचारले, "बाबा, ही एवढी तार आत कशाला?"

"आधी ते झाकण लाव," बाबा म्हणाले.

"उघडू द्या हो," मेजामागची स्वयंसेविका म्हणाली, "उघडायलाच ठेवलंय."

बाबांनी एकवार तारेकडे, एकवार प्रश्नाकडे आणि मग घड्याळाकडे पाहिले, आणि काकूंना म्हणाले, "चला, आपण तारांगणात जाऊ. तिथं नुसतं बसायचं असतं."