तलवार चीनची, डोंगर सातपुड्याचा

अमळनेरला साहित्य संमेलन दोनदा भरलं, १९५२ आणि २०२४ साली. मधल्या बहात्तर वर्षांत खान्देशातल्या पोरांच्या हातात वाचायला काय द्यायचं, हे काही ठरलं नाही. शेवटी चिन्यांनी ठरवलं.

भुसावळ-सुरत पॅसेंजरमध्ये जरा आजूबाजूला बघा. दाराशी टेकून बसलेला पोरगा, कानात इयरफोन आणि मोबाइलवर हिंदीत डब केलेली चिनी मालिका. पांढरा झगा घातलेला म्हातारा बांबूच्या शेंड्यावर उभा राहून दहा जणांना लोळवतोय. "काय देखी ऱ्हायना भाऊ?" विचारलं, तर मान वर न करता उत्तर आलं, "गुरूना बदला शे." इतकं नेमकं परीक्षण आमच्या समीक्षकांनाही जमत नाही.

हाँगकाँगच्या जिन योंग यांनी १९५५ ते १९७२ अशाच तलवारबाजीच्या कादंबऱ्या लिहिल्या, त्याही वर्तमानपत्रात, रोज थोडी थोडी. १९५९ मध्ये त्यांनी 'मिंग पाओ' हा स्वतःचाच पेपर काढला. अग्रलेखही तेच लिहीत, तलवारबाजीही तेच, आणि वाचक पेपर घेत ते कादंबरीच्या पुढच्या तुकड्यासाठी. आमच्याकडे पेपर उघडला की आधी पानभर प्लॉटची जाहिरात. तलवारबाजी आत, राजकारणाच्या पानावर.

या गोष्टींतला मसाला तसा ठरलेला: अनाथ पोरगा, खडूस गुरू, चोरीला गेलेली विद्येची पोथी, दगाबाज गुरुबंधू. कोर्टकचेरीचं मात्र नाव नाही. बांधाची केस आजोबांनी घातली आणि तारखा नातू घेतोय, अशा घरातल्या पोराला एका घावात निकाल लावणारा माणूस आवडणार नाही तर काय? शिवाय तिथे गुरूशी बेइमानी केली की मान जाते. आपल्याकडे मंत्रिपद मिळतं.

बरं, हा माल आपल्याकडे नव्हता असंही नाही. सातपुड्यातला भिल्ल खाज्या नाईक ईस्ट इंडिया कंपनीच्या पगारावर सेंधव्याचा घाट राखायचा. १८५७ ला तोच माणूस तोच घाट अडवून उभा राहिला. पुढच्या एप्रिलात अंबापाणीला त्याच्या भिल्लांनी इंग्रजी फौजेशी झुंज दिली. तंट्या भिल्लाला तर अमेरिकेतल्या 'न्यूयॉर्क टाइम्स'नं १८८९ साली हिंदुस्थानचा रॉबिनहूड म्हटलं. तुरुंग फोडलेला हा माणूस इंग्रजांना वर्षानुवर्षं सापडला नाही. सापडला तो मानलेल्या बहिणीच्या नवऱ्यानं, गणपतनं, दगा दिला म्हणून. त्याच वर्षीच्या डिसेंबरात जबलपूरला फाशी. चिनी लेखकाच्या हाती हे लागतं तर चार खंड आणि साठ भागांची मालिका झाली असती. आमच्याकडे बाबा भांडांनी 'तंट्या' कादंबरी लिहिली, ते सोडलं तर बाकी चौक, पुतळा आणि जयंतीचा डीजे.

मारामारी लिहिणारे मराठीत होते की! बाबूराव अर्णाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंजार आणि काळापहाड या नायकांचा दोन पिढ्यांनी फडशा पाडला. गुरुनाथ नाईकांनीही हजारी ओलांडली. पण जाणत्यांनी नाक मुरडलं, पुस्तकं रद्दीत गेली. २०२४ च्या ऑक्टोबरात तर मराठीला अभिजात दर्जाही मिळाला. आता काळापहाडकडे कोण बघतंय?

तेव्हा ग्रंथपालसाहेब, माळ्यावर अर्णाळकर उरले असतील तर झटकून खाली आणा. आणि लेखकराव, तुम्ही खाज्या नाईकावर लिहायला घ्या. संवाद त्या मातीतल्या बोलीत येऊ द्या, भाग निदान चाळीस करा. फक्त पहिल्या पानावर मारामारी पाहिजे. सातपुड्यावरच्या धुक्याचं वर्णन तिसऱ्या भागानंतर, तेही दोन ओळी.